मुलांच्या पाठीशी उभा राहणारा वकील

जिल्हा न्यायालयाच्या आवारात शिरले, की मुद्रांकविक्रीची खिडकी, टंकलेखकांची टेबले, झाडाखाली ताटकळणारे अशील आणि लगबगीने जाणारे काळे कोट यांच्या गर्दीत एक पाटी सहसा नजरेतून निसटते. तिच्यावर 'जिल्हा विधी सेवा प्राधिकरण' असे लिहिलेले असते. तालुक्याच्या न्यायालयात हेच काम 'तालुका विधी सेवा समिती' पाहते. दुकानाच्या किंवा शेताच्या वादापायी वर्षानुवर्षे न्यायालयाचे खेटे घालणाऱ्या माणसालाही त्या दालनात काय चालते, हे पुष्कळदा ठाऊक नसते. पाटीवरील 'मोफत' हा शब्द वाचून तो पुढे जातो. ती गोरगरिबांची सोय असणार, आपला तिच्याशी काय संबंध, अशी त्याची समजूत असते.

ही समजूत अर्धीच खरी आहे. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम १२ मध्ये मोफत वकील मिळण्यास कोण पात्र आहे, याची यादी दिलेली आहे. कमी उत्पन्न असलेल्यांचा उल्लेख त्या यादीत आहेच. परंतु तो सर्वांत शेवटी येतो. त्याच्या कितीतरी आधी 'स्त्री किंवा बालक' अशी एक छोटीशी ओळ आहे. बालक म्हणजे अठरा वर्षे पूर्ण न झालेली व्यक्ती. या ओळीला उत्पन्नाची कोणतीही अट जोडलेली नाही. सराफाची मुलगी आणि त्याच सराफाच्या पेढीत झाडलोट करणाऱ्या बाईचा मुलगा, या दोघांचा हक्क कायद्याने सारखाच ठरवला आहे. यामागचे कारण शोधण्यास दूर जावे लागत नाही. मुलाचे स्वतःचे असे उत्पन्न नसते. वडिलांचे उत्पन्न मोजायचे ठरवले, तर ज्या मुलाला घरातल्याच कोणाविरुद्ध दाद मागायची आहे, त्याने कोणाच्या दारी जावे?

या व्यवस्थेचा पाया १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने घातला गेला. संविधानात तेव्हा अनुच्छेद ३९-क आला आणि पैशाअभावी कोणी न्यायापासून वंचित राहू नये, ही जबाबदारी राज्यावर पडली. १९७९ मध्ये हुसैनआरा खातून प्रकरणात बिहारच्या तुरुंगांत खटल्याची वाट पाहत खितपत पडलेल्या कैद्यांची स्थिती सर्वोच्च न्यायालयासमोर आली आणि मोफत वकील हा न्याय्य प्रक्रियेचाच भाग असल्याचे न्यायालयाने सांगितले. कायदा १९८७ मध्ये झाला. अंमलात मात्र ९ नोव्हेंबर १९९५ रोजी आला. म्हणून ९ नोव्हेंबर हा विधी सेवा दिन म्हणून पाळला जातो. त्या दिवशी शाळांतून भाषणे होतात, प्रभातफेऱ्या निघतात. मुलांच्या लक्षात किती राहते, हा भाग वेगळा.

वकिलाचा उपयोग न्यायालयात उभे राहण्यापुरताच असतो, असे बहुतेकांना वाटते. प्रत्यक्षात मुलाच्या प्रकरणात त्याची खरी गरज फार आधी भासते. नववीतील एखादा मुलगा महिनाभर सकाळी उठला की पोट दुखत असल्याची तक्रार करतो. डॉक्टर तपासतात, गोळ्या देतात. पुढे केव्हातरी उलगडा होतो, की शिकवणीला जाताना चौकातले वीस-बावीस वर्षांचे टोळके त्याला रोज अडवते, खिसे चाचपते, आडनावावरून आणि बोलण्याच्या ढबीवरून हिणवते, आणि त्याची रडकुंडीला आलेली चित्रफीत काढून गावभर फिरवते. वडील तावातावाने पोलीस ठाण्यात जातात. अर्ध्या तासाने हातात एक कागद घेऊन परततात. पोलिसांनी तक्रार 'एनसी', म्हणजे अदखलपात्र म्हणून नोंदवलेली असते. अशा नोंदीवर न्यायदंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलीस तपास करू शकत नाहीत. 'न्यायालयात जा' असे सांगून ते मोकळे होतात आणि घरात सर्वांना वाटते, की कायद्याचा दरवाजा ठोठावून झाला.

येथे दोष नेहमी पोलिसांचाच असतो असे नाही. संतापलेल्या बापाने दिलेल्या जबाबात 'माझ्या मुलाला त्रास दिला, मारहाण केली' एवढेच असते. साधी मारहाण कायद्याने अदखलपात्रच आहे. मात्र तोच प्रसंग 'वाट अडवून धरली, हलू दिले नाही, धमकावून दोनशे रुपये काढून घेतले' असा घडला तसा, तपशिलाने सांगितला, की अटकाव करणे आणि धमकावून पैसे उकळणे हे दखलपात्र गुन्हे समोर येतात व पोलिसांना तपास करावाच लागतो. घटना तीच, मुलगाही तोच; फरक पडतो तो सांगण्यात. अनुभवी वकील मुलाशेजारी शांतपणे बसतो, काय झाले ते क्रमाने विचारतो आणि एकही शब्द न वाढवता सर्व लिहून घेतो. त्या तासाभराच्या कामावर पुढचे पुष्कळ काही अवलंबून असते.

भारतीय नागरिक सुरक्षा संहिता १ जुलै २०२४ पासून लागू झाली. तिच्या कलम १७३ नुसार दखलपात्र गुन्ह्याची खबर हद्दीचा वाद न काढता कोणत्याही ठाण्यात नोंदवून घ्यावी लागते. नोंदीची प्रत फिर्यादीला विनामूल्य मिळते. ठाण्यात नकार मिळाला, तर पोलीस अधीक्षकांकडे लेखी जाता येते आणि तेथेही दाद लागली नाही, तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे. कागदावर हे सोपे दिसते. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेतील दोन चिमुरड्यांच्या प्रकरणाची मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली, तेव्हा गुन्हा नोंदवण्यास झालेल्या विलंबाबद्दल पोलिसांना आणि खबर न दिल्याबद्दल शाळेला न्यायालयाने खडे बोल सुनावले. त्या आईवडिलांनी ठाण्यात तासन्‌तास काढले होते. अशा वेळी १५१०० हा विधी सेवेचा राष्ट्रीय क्रमांक कोणाच्या तरी ओठांवर असता, तर कायदा जाणणारे एखादे माणूस त्यांच्या मदतीला येऊ शकले असते.

महाविद्यालयातील आणि वसतिगृहातील छळाला महाराष्ट्रात स्वतंत्र कायदा आहे, हे प्रवेशाच्या वेळी रॅगिंगविरोधी शपथपत्रावर सही करणाऱ्या पालकांपैकी थोड्यांनाच माहीत असते. शपथपत्र न वाचता सही करण्याची आपली सवय जुनीच. महाराष्ट्र रॅगिंग प्रतिबंध अधिनियम, १९९९ ने रॅगिंगची व्याख्या बरीच व्यापक केली आहे. शारीरिक वा मानसिक इजा, भीती, लज्जा किंवा अवघडलेपणा निर्माण करणारे वर्तन त्यात येते. चिडवणे, शिवीगाळ, धमकी आणि थट्टेच्या नावाखाली केलेले खेळही येतात. शिक्षणसंस्थेच्या व्याख्येत महाविद्यालयाबरोबर वसतिगृह, बोर्डिंग, अनाथालय आणि शिकवणीवर्गही मोडतात. समाजाच्या देणग्यांवर चालणाऱ्या बोर्डिंगांच्या विश्वस्तांनी हे वाक्य दोनदा वाचावे असे आहे. कारण तक्रार आल्यावर सात दिवसांच्या आत चौकशी करणे, तथ्य आढळल्यास संबंधित विद्यार्थ्याला निलंबित करणे आणि तक्रार पोलिसांकडे पाठवणे, हे संस्थाप्रमुखाचे कर्तव्य आहे. त्याने कानाडोळा केला, तर त्याने गुन्ह्याला चिथावणी दिली असे मानले जाते. दोष सिद्ध झालेल्या विद्यार्थ्याला दोन वर्षांपर्यंत कारावास आणि दहा हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. शिवाय त्याला काढून टाकल्यावर पाच वर्षे दुसऱ्या कोणत्याही संस्थेत प्रवेश मिळत नाही.

देशपातळीवर या विषयाला धार आली ती एका मृत्यूनंतर. हिमाचल प्रदेशातील टांडा येथील वैद्यकीय महाविद्यालयात पहिल्या वर्षात शिकणारा एकोणीस वर्षांचा अमन काचरू ८ मार्च २००९ रोजी वरिष्ठ विद्यार्थ्यांच्या मारहाणीनंतर मरण पावला. त्याचे वडील राजेंद्र काचरू यांनी दुःख गिळून घरी बसण्याचे नाकारले. २०१० मध्ये चार विद्यार्थ्यांना चार वर्षांच्या कारावासाची शिक्षा झाली. दरम्यान जून २००९ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाचे रॅगिंगविरोधी विनियम आले आणि १८००-१८०-५५२२ हा मदतक्रमांक सुरू झाला. त्या यंत्रणेवर देखरेख ठेवण्याचे काम पुढे अनेक वर्षे अमनच्या नावाने उभ्या राहिलेल्या न्यासाने केले.

२०१६ मध्ये आयोगाने व्याख्येत महत्त्वाची भर घातली. धर्म, जात, वंश, वर्ण, लिंगभाव, लैंगिक कल, रूप, भाषा, प्रांत किंवा आर्थिक स्थिती यांवरून केलेला छळ हाही रॅगिंगच ठरला. मेसच्या टेबलावर कांदा-लसूण न खाणाऱ्याची रोज टवाळी करणारे जसे यात येतात, तसेच शेजारच्या खोलीतील मुलाची जात विचारून त्याच्याशी अंतर ठेवणारेही येतात. मे २०१९ मध्ये मुंबईत पदव्युत्तर वैद्यकीय शिक्षण घेणाऱ्या डॉ. पायल तडवी या आदिवासी समाजातील तरुणीने जीवन संपवले. वरिष्ठांनी जातीवरून छळ केल्याचा आरोप तिच्या कुटुंबाने केला आणि प्रकरण न्यायालयात गेले. अनुसूचित जाती-जमातींतील व्यक्तीला मोफत वकिलासाठी वयाची आणि उत्पन्नाची अट नाही. जातीय अत्याचाराच्या पीडितांचा उल्लेखही कलम १२ मध्ये स्वतंत्रपणे आहे.

वयाचा एक पेच मात्र येथे आहे. महाविद्यालयात छळ सोसणारे बहुतेक विद्यार्थी अठरा ओलांडलेले असतात. मुलगी असेल तर ती कोणत्याही वयात पात्र राहते. दिव्यांग विद्यार्थीही पात्र असतो. एकोणीस वर्षांच्या इतर मुलाला मात्र उत्पन्नाची मर्यादा लागते, जी महाराष्ट्रात वार्षिक ३ लाख रुपये आहे. अठरावा वाढदिवस उलटला म्हणून त्याच्या पाठीवरचे वळ कमी दुखत नाहीत. कायद्याच्या यादीत मात्र तो एका दिवसात दुसऱ्या रकान्यात जातो. अशा मुलाला सल्ला तरी अवश्य मिळू शकतो. केंद्र सरकारच्या टेली-लॉ सेवेत १४४५४ या क्रमांकावरून किंवा सामायिक सेवा केंद्रातून वकिलाचा सल्ला कोणालाही विनामूल्य घेता येतो.

छळाचे मैदान आता हातातल्या मोबाइलवर आले आहे. ग्रुपवर फिरणारे विद्रूप केलेले छायाचित्र, बनावट खाते, रात्री दोन वाजता येणाऱ्या धमक्या, हे सारे पाहून पालकांच्या हातून पहिली चूक होते ती 'सगळे आधी पुसून टाक' असे सांगण्याची. पुसले, की पुरावाही जातो. संदेश तसेच ठेवावेत, तारीख-वेळ दिसेल अशी चित्रे काढून ठेवावीत, खात्याचा पत्ता लिहून घ्यावा आणि ज्या फोनवर ते आले तो फोन विकू वा बदलू नये. कारण भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे डिजिटल पुराव्यासोबत ठरावीक नमुन्यातील प्रमाणपत्र द्यावे लागते आणि मूळ उपकरणाचा प्रश्न येतोच. अपवाद आहे तो मुलांच्या अश्लील चित्रफितींचा. त्यांच्या प्रती काढणे किंवा नातेवाइकांना दाखवण्यासाठी पुढे पाठवणे हाच गुन्हा होऊ शकतो. अशा वेळी फोन आहे तसा बाजूला ठेवून थेट पोलिसांकडे किंवा वकिलाकडे जावे. शाळेच्या आवारातील सीसीटीव्हीचे चित्रण काही दिवसांनी आपोआप पुसले जाते. ते जपून ठेवण्याची लेखी मागणी त्याच आठवड्यात करणे, हेही वकिलाचेच काम.

लैंगिक अत्याचाराच्या प्रकरणात पोक्सो कायद्याने मुलाभोवती बरेच संरक्षक कवच उभारले आहे. मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला सोयीच्या ठिकाणी, शक्यतो महिला अधिकाऱ्याने, गणवेश न घालता घ्यायचा असतो. कोणत्याही मुलाला रात्री पोलीस ठाण्यात थांबवून ठेवता येत नाही. सुनावणी बंद दालनात होते आणि साक्ष देताना आरोपी मुलाच्या नजरेसमोर येऊ नये, अशी व्यवस्था करावी लागते. सरकारी वकील असतोच; पण तो राज्याची बाजू मांडतो. कलम ४० प्रमाणे मुलाच्या कुटुंबाला स्वतःचा वकील ठेवण्याचा अधिकार आहे आणि तो परवडत नसेल तर विधी सेवा प्राधिकरणाने तो द्यायचा असतो. जामिनाच्या अर्जाला विरोध करणे, तारखांचा मागोवा घेणे, अंतरिम भरपाईसाठी अर्ज करणे ही कामे तो करतो. महाराष्ट्राची मनोधैर्य योजनाही जिल्हा विधी सेवा प्राधिकरणामार्फतच चालते. तिच्यात कमाल १० लाख रुपयांपर्यंत अर्थसाहाय्याची तरतूद आहे. बाल कल्याण समिती मुलाला धीर देण्यासाठी साहाय्यक व्यक्तीही नेमू शकते.

एवढे असूनही कित्येक प्रकरणे त्या दालनापर्यंत पोहोचत नाहीत. ती बैठकीच्या खोलीत मिटतात. दोन्हीकडची वडीलधारी मंडळी जमतात, चहा होतो, 'मुलीचे नाव होईल', 'उद्या स्थळे यायची आहेत', 'त्यांचे आपले तीन पिढ्यांचे संबंध' अशी वाक्ये उच्चारली जातात आणि आतल्या खोलीत बसलेल्या मुलीला कोणी काही विचारत नाही. नावाच्या भीतीवर कायद्याने उपाय केलेला आहे. पोक्सोच्या कलम २३ प्रमाणे मुलाचे नाव, पत्ता, छायाचित्र, शाळा किंवा कुटुंबाची ओळख पटेल असे काहीही प्रसिद्ध करता येत नाही. तडजोडीबद्दल सर्वोच्च न्यायालयाने ७ नोव्हेंबर २०२४ रोजी दिलेला निकाल स्पष्ट आहे. राजस्थानात एका शिक्षकावर विद्यार्थिनीच्या लैंगिक छळाचा गुन्हा दाखल झाला होता. मुलीच्या वडिलांनी शिक्षकाशी समझोता केला आणि उच्च न्यायालयाने गुन्हा रद्द केला. सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय फिरवला व खटला पुढे चालवण्यास सांगितले. असा गुन्हा समाजाविरुद्ध असतो. दोन घरांनी आपसांत मिटवण्याचा तो खासगी मामला नव्हे, असा त्या निकालाचा आशय आहे.

आतापर्यंतच्या सर्व वर्णनात आपला मुलगा सोसणारा आहे, असे प्रत्येक पालकाने गृहीत धरले असेल. पण चौकातल्या त्या टोळक्यातील मुलेही कोणाच्या तरी घरचीच असतात. एखाद्या संध्याकाळी पोलीस दाराशी येतात आणि सोळा वर्षांच्या मुलाचे नाव घेतात. त्या घरासाठीही तेच दालन उघडे आहे, कारण कलम १२ मधील 'बालक' हा शब्द सोसणारा आणि करणारा असा भेद करत नाही. बाल न्याय कायद्याप्रमाणे अशा मुलाला कोठडीत ठेवता येत नाही, बेड्या घालता येत नाहीत. चोवीस तासांच्या आत त्याला बाल न्याय मंडळासमोर नेले पाहिजे आणि त्याला विधी सेवा संस्थेमार्फत वकील मिळाला आहे ना, हे मंडळाने पाहायचे असते. त्याच्या हातून घडलेल्या चुकीची नोंद सर्वसाधारणपणे पुढील आयुष्यात अपात्रता म्हणून त्याला चिकटत नाही. अपवाद आहे तो सोळा वर्षांवरील मुलाने केलेल्या अतिगंभीर गुन्ह्याचा, ज्यात प्रौढ म्हणून खटला चालू शकतो. चांगला वकील अशा मुलाला खोटे बोलायला शिकवत नाही. मुलाच्या समुपदेशनाचा आणि घरच्या परिस्थितीचा अहवाल मंडळासमोर नीट मांडला जाईल, हे तो पाहतो. काही प्रकरणांत दुखावलेल्या मुलापुढे खरी माफी मागण्याची वेळही अशाच वाटेने येते.

मोफत मिळणाऱ्या वकिलाबद्दलची कुजबुज सर्वत्र ऐकू येते: तो नवखा असतो, लक्ष देत नाही, तारखेला येत नाही. ती सर्वस्वी निराधार नाही. पॅनेलवरील वकिलाला प्राधिकरणाकडून मिळणारे मानधन खासगी व्यवसायाच्या मानाने तुटपुंजे असते आणि सर्वच वकील सारख्या तळमळीचे नसतात. परंतु नियम अशिलाच्या बाजूचे आहेत. या वकिलाने पक्षकाराकडून एक रुपयाही घ्यायचा नाही. मागितला तर प्राधिकरणाच्या सचिवांकडे तक्रार करता येते. सचिव हे स्वतः न्यायिक अधिकारी असतात. काम समाधानकारक नसेल, तर कारण सांगून वकील बदलून मागता येतो. न्यायालयीन शुल्क, कागदपत्रांच्या प्रमाणित प्रती, भाषांतर, मसुदा यांचा खर्चही सेवेतच धरलेला असतो.

अर्ज साध्या कागदावर चालतो. लिहिता येत नसेल, तर तोंडी सांगितलेले कार्यालयातील कर्मचारी किंवा विधी स्वयंसेवक लिहून घेतात. मुलाच्या वतीने आई, वडील, आजी, मोठी बहीण, शिक्षक, कोणीही जाऊ शकते. जाताना वयाचा दाखला, पोलिसांत गेले असल्यास तेथे मिळालेला कागद, वैद्यकीय तपासणी झाली असल्यास तिचे कागद आणि शाळेला दिलेल्या अर्जाची पोच एवढे सोबत असले म्हणजे पुरते. अठरा वर्षांखालील मुलासाठी उत्पन्नाचा दाखला कोणी मागितला, तर कलम १२ मधील 'स्त्री किंवा बालक' ही ओळ दाखवावी. रात्री-अपरात्री धोका असेल, तर मुलांसाठी १०९८ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो. दालन न्यायालयाच्या कार्यालयीन वेळेत उघडे असते. पाटी सापडली नाही, तर आवारातील कोणत्याही शिपायाला विचारावे.